बाटली लवकर संपू लागली, तर…

केशकर्तनालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पुरुषाभोवती जो ताजा, स्वच्छ गंध दरवळतो, त्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. पॅरिसच्या हूबिगां या पेढीसाठी पॉल पार्के यांनी १८८२ साली ‘फूजेर रोयाल’ हे अत्तर सिद्ध केले. फूजेर म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा गंध जवळजवळ नसतोच. तो कल्पनेने रचला गेला. प्रारंभी बर्गामॉटचा लिंबासारखा तजेला आणि लॅव्हेंडरची शीतलता जाणवते. मागोमाग येतो ओकमॉसचा ओलसर, मातकट गंध. ओकच्या खोडावर वाढणारे हे शेवाळासारखे द्रव्य आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या कुळातले. अखेरीस उरते ती कुमारिनची, वाळलेल्या गवताची गोडसर ऊब. पुढे हीच घडण दाढीच्या साबणांत आणि लोशनांत उतरली.

गंधाची जाणीव मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचते. म्हणून विस्मरणाचा विकार असलेल्या वडिलांची दाढी करताना नवा साबण आणू नये. त्यांच्या सवयीचाच वापरावा. नावे हरवली तरी हा परिचित गंध त्यांना पुष्कळदा शांत करतो.

परंतु या बाटलीकडे शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावे. महिनोन्‌महिने पुरणारी बाटली पंधरवड्यात संपू लागली, आजोबा खोलीत येण्याआधीच त्यांचा सुगंध येऊ लागला, तर त्यांना नटवे ठरवून थट्टा करू नका. बहुधा त्यांना तो गंध पूर्वीसारखा येत नसतो. साठीनंतर घ्राणशक्ती हळूहळू मंदावते. जुनाट सर्दी, नाकातील कोंब, धूम्रपान ही तिची साधी कारणे. मात्र पार्किन्सनच्या विकारात कंप दिसण्यापूर्वी काही वर्षेही ती क्षीण होऊ शकते.

घरी अंदाज घेता येतो. डोळे मिटवून, एकेक नाकपुडी बंद करून, कॉफीची पूड, वेलदोडा आणि हिंग ओळखायला सांगावे. डोकेदुखीचा बाम वापरू नये. त्याची झोंबणी निराळ्या मज्जातंतूला कळते आणि फसगत होते. ओळखता आले नाही, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तोवर गॅसची गळती आणि आंबलेले अन्न यांवर दुसऱ्या कुणाचे तरी नाक राखण ठेवावे.

काही पथ्येही सांगतो. उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते. मद्यार्कयुक्त लोशन ताज्या दाढीवर आग करते. ज्यांना ते सोसत नाही, त्यांनी सुगंध सदऱ्यावर लावावा. पुरळ उठल्यास तो बंदच करावा. दमेकऱ्यांजवळ फवारा नको. हात ओले असताना निरांजन किंवा गॅस पेटवू नये. घरी प्राणवायूचे यंत्र चालू असेल, तर अशी बाटली त्या खोलीत नसावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पात्याऐवजी विजेचे यंत्र वापरावे.

एवढे सांभाळले, की बाटली आजोबांकडून काढून घेण्याचे कारण उरत नाही. प्रमाण तेवढे आपण ठरवून द्यावे: दोन थेंब. नीटनेटके दिसण्याची इच्छा हेही आरोग्याचेच लक्षण आहे. ती वार्धक्यात टिकून असेल, तर जपावी.