दाखल्याचे पान कोणी काढले?

बांधकाम मजुरांत काम करणाऱ्या एका संस्थेच्या विश्वस्त मंडळाची बैठक मध्यंतरी झाली. संस्था जिल्ह्याच्या गावची, लोकवर्गणीवर वाढलेली. प्रस्तुत लेखकाचा तिच्याशी जुना संबंध असल्यामुळे तोही बैठकीस हजर होता. पहिल्या चार विषयांवर दीड तास खडाजंगी झाली. मेळाव्यातील चहा-पोह्यांच्या ३२०० रुपयांच्या बिलावरून खजिनदारांना अक्षरशः धारेवर धरण्यात आले. पाचवा विषय होता संस्थेच्या संकेतस्थळाची पुनर्रचना. त्यात काही लाखांचा प्रश्न होता आणि तो मात्र वीस मिनिटांत, कौतुकाच्या उद्गारांसह, मंजूर होण्याच्या बेतात होता.

एजन्सीचे दोन तरुण आले होते. त्यांनी भिंतीवर नवे मुखपृष्ठ दाखविले. मावळतीच्या प्रकाशात एक मजूर स्त्री डोक्यावर घमेले घेऊन हसत उभी आहे, खाली इंग्रजीत सक्षमीकरणाविषयी एक वाक्य आणि त्याखाली 'देणगी द्या' असे नारिंगी बटण. छायाचित्र विकतचे होते; आपल्या संस्थेतील कोणा बाईचे नव्हे. घमेल्यात काही नव्हते, हेही जाता जाता लक्षात आले. तेवढ्यात मजूर अड्ड्यावर रोज पहाटे जाणाऱ्या आमच्या एका कार्यकर्तीने विचारले, "दादा, हे सगळं झकास आहे. पण दाखल्याचं पान कुठं गेलं?"

दाखल्याचे पान म्हणजे काय, हे या क्षेत्राबाहेरील वाचकांस सांगावयास हवे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हावयाची तर मजुराचे वय १८ ते ६० असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत त्याने किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज या ठेकेदाराकडे, परवा त्या मुकादमाकडे असे काम करणाऱ्या माणसाला हा दाखला मिळविणे हीच खरी लढाई असते. तो कोणाकडे मागावयाचा, ठेकेदाराने नकार दिल्यास पुढे काय करावयाचे, अर्ज फेटाळला गेल्यास कोणती कागदपत्रे पुन्हा जोडावयाची, हे सारे त्या एका लांबलचक, ओबडधोबड पानावर मराठीत लिहिलेले होते. संस्थेच्या संकेतस्थळाकडे कोणी मजूर वळत असेल तर तो याच पानासाठी.

तरुणांचे उत्तर प्रांजळ होते. पान फार लांब होते, दिसावयास जुनाट होते आणि त्यातील अक्षरे नव्या रचनेत नुसती रोमन अक्षरांचे कडबोळे होऊन उमटत होती. म्हणून ते वगळले. यातील शेवटचे कारण खोटे नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी होती. परंतु आपल्या कार्यालयांतील संगणकांवर त्यानंतरही वर्षानुवर्षे असे फॉन्ट वापरले गेले, की ज्यांत आत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर केवळ देवनागरीचे रूप. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तेथे मजकूर नाही. शोध घेतला तरी तो सापडत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत, मात्र जोडाक्षरे व रफार तपासावयास मराठी जाणणारे माणूस बसवावे लागते. एजन्सीच्या दरपत्रकात त्या माणसाच्या मजुरीचा रकाना नव्हता. आणि तो असावा असे आपणही तिला सांगितले नव्हते.

दोष एजन्सीवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपण त्या तरुणांना दिले काय होते? 'संकेतस्थळ आधुनिक व आकर्षक करावे' असे एका वाक्याचे पत्र. आकर्षक कोणाला, हे पत्रात नव्हते, आणि ते लिहावयास आपण धजलो नसतो, कारण उत्तर आपल्याला ठाऊक होते. २०१३च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून संस्थांच्या कार्यालयांत कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची ये-जा वाढली. या मंडळींना संस्था आधी पडद्यावर पाहावयाची असते. शिवाय नवे काही उभारावयास पैसा मिळतो, असलेले राखावयास मिळत नाही. परदेशी देणगीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, तेव्हा त्या बाजूनेही हात आखडला. परिणाम असा, की संकेतस्थळ दर चार वर्षांनी पाडून पुन्हा बांधावयाचे आणि मधली चार वर्षे त्यावर केरही काढावयाचा नाही.

देणगीदाराने संकेतस्थळ पाहू नये असे कोणी म्हणणार नाही. संस्थेला पैसा लागतो. परंतु मुखपृष्ठावर आपोआप सुरू होणारी चित्रफीत ठेवली, की अड्ड्यावर उभ्या असलेल्या मजुराच्या मोबाइलचा डेटा तीच खाऊन टाकते. पुढचे पान उघडण्यापूर्वीच तो कंटाळून फोन खिशात टाकतो. सूचना अक्षरांत न लिहिता चित्रात कोरून बसविल्या, की दृष्टिहीन माणसाचा फोन त्या वाचून दाखवू शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या स्वागताचे ठराव आपण सभांमधून केले आणि आपल्याच दारात पायरी बांधली!

आता मालकीविषयी. येथे चळवळीतील माणसे जितकी भोळी असतात तितकी किराणा दुकानदारही नसतात. पैसे दिले म्हणजे वस्तू आपली, अशी आपली समजूत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. पगारी नोकराने नोकरीच्या कामात जे लिहिले ते, उलट करार नसेल तर, मालकाचे. पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या संगणक प्रणालीचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच. या एजन्सीच्या मसुद्यात हस्तांतराचे कलमच नव्हते. वर्डप्रेससारखी, २००३ पासून कोणालाही मुक्तपणे वापरता येणारी प्रणाली उपलब्ध असताना तिने स्वतःची बंद प्रणाली वार्षिक भाड्याने देऊ केली होती. भाडे थांबले, की घर मोकळे करावयाचे आणि सामान आतच राहावयाचे. शेतजमिनीच्या कुळाला असल्या अटीवर आपण सही करू दिली असती काय?

यावर बैठकीतील दोघा जुन्या सहकाऱ्यांनी लगेच सुचविले, की एजन्सीच नको. कार्यकर्त्यांच्या मुलांपैकी कोणी हुशार असेल त्याच्याकडून फुकट करून घ्यावे. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. अशाच एका हुशार मुलाने आधीच्या एका संस्थेचे संकेतस्थळ केले होते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. त्याला बोल कसा लावणार? त्याच्या कामाचा ना करार होता ना मोबदला. जी माणसे किमान वेतनासाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेतात, त्यांनी आराखडाकाराला फुकट राबविण्याची अपेक्षा धरावी हे विचित्र आहे. एजन्सीतील ती मुलेही रात्री बारापर्यंत काम करणारी पगारदार माणसेच आहेत, आणि त्यांची संघटना नाही, ही गोष्टही आपणच विसरतो. कसबी माणसाकडून काम करून घ्यावे, त्याचा पूर्ण दाम द्यावा. मात्र कोणते पान राहील आणि कोणते जाईल हे ठरविण्याचे काम त्याच्या गळ्यात घालू नये. ते त्याचे नव्हे, आणि खरे म्हणजे त्याने ते मागितलेलेही नसते.

म्हणून पैशांचे हप्ते कशाशी बांधावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सादरीकरण झाले, एक हप्ता; संकेतस्थळ सुरू झाले, दुसरा हप्ता; अशी रीत आहे. त्याऐवजी अड्ड्यावरील तीन मजुरांनी स्वतःच्या फोनवर, कोणी बोट धरून न दाखविता, दाखल्याची माहिती शोधून काढली म्हणजे शेवटचा हप्ता, अशी अट घातली तर आराखडा आपोआप बदलतो. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळते करणे हेही करारात हवे, कारण आपल्या हजारो पत्रकांवर जुनेच पत्ते छापलेले आहेत आणि ती पत्रके मजुरांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेली असतात.

बैठकीत अखेर विषय तहकूब झाला. तिघांची समिती नेमली गेली. अड्ड्यावरील ती कार्यकर्ती तीत आहे. दाखल्याचे पान कार्यालयातील दोन मुलींनी चार दुपारी बसून युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित केले. समितीने पहिलेच काम म्हणून संस्थेच्या डोमेनची नोंदणी तपासली, तेव्हा ती संस्थेच्या नावावर नसून पूर्वीच्या, आता बंद पडलेल्या एका एजन्सीच्या नावावर निघाली. नूतनीकरणाची स्मरणपत्रे त्या एजन्सीच्या ईमेलवर जातात, आणि तो ईमेल कोणी उघडीत नाही. मुदत संपावयास सात आठवडे आहेत. खजिनदार नोंदणी-प्रमाणपत्र आणि ठरावाची नक्कल घेऊन डोमेन विकणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहार करीत आहेत.