सुट्टी कोणाची?



सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न उठतो तो जेवणाचा. कंदमूळ वर्ज्य, चौविहार सांभाळायचा, पाणी गाळून उकळून घ्यायचे. हॉटेलात हे सारे समजावून सांगण्यातच निम्मा उत्साह संपतो. कोकणकिनाऱ्यावरील गावांत स्वयंपाकघरासह छोटी घरे भाड्याने मिळू लागल्यापासून ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे अशा एका घरात तीन दिवस राहिलो.

गाव रमणीय आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे सुरूचे बन आणि मग सुमारे चार किलोमीटर लांबीचा किनारा. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील वाड्यांची अपरिमित हानी केली. नव्याने लावलेली पोफळ फळाला येण्यास कित्येक वर्षे लागतात. तोवर घरभाड्याच्या चार पैशांचा आधार किती मोठा, हे व्यापारी माणसास सांगावयास नको. सांगितलेले भाडे मी घासाघीस न करता दिले.

जाण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचारून घेतल्या. स्वयंपाकघरात मासळी शिजते का? आमची भांडी आम्ही आणली तर चालेल का? पाणी कोठले? घरमालकीणबाईंनी एकाही प्रश्नाचा राग मानला नाही. अंगणात विहीर होती. त्यामुळे पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव त्याच पाण्यात परत सोडता आले.

व्रताची अशी सारी सोय झाली. चूक निघाली ती माझ्याच हिशेबात.

डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पहिल्या दिवशी मी, दोन्ही मुलगे आणि नातवंडे चार वाजताच किनाऱ्यावर गेलो. साडेपाचला घरी धावत आलो, गरम भाकरी, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी असे भरपेट जेवलो, पाणी प्यालो आणि सूर्यास्त गाठण्यासाठी पुन्हा धावलो. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या रात्री धाकट्या नातीने आजीला विचारले, “आजी, सूर्य पाण्यात बुडताना तू पाहिलास का?” पत्नी हसून म्हणाली, “भाकरी तव्यावर होती गं.” सूनबाई काही बोलल्या नाहीत, त्या भांडी पुसत होत्या.

मला झोप लागली नाही. पेट्रोल, भाडे, शहाळी, साऱ्याची नोंद माझ्या वहीत होती. मात्र दोन दिवसांची सुट्टी दोघींच्या खात्यावर खर्ची पडली होती, ती रक्कम मी कोठेच मांडली नव्हती. चौविहार सर्वांचा आणि चूल दोघींची, हा कोणता न्याय?

तिसऱ्या दिवशी क्रम बदलला. मुख्य जेवण दुपारी झाले. साडेतीनला मुलांनी खिचडी लावली; ती तळाशी थोडी लागली, पण कोणी नाव ठेवले नाही. डब्यात खिचडी, सोबत खाखरा आणि उकळून थंड केलेले पाणी घेऊन आम्ही सातही जण सुरूच्या सावलीत बसलो. सव्वापाचपर्यंत जेवण आटोपले, उष्टे-खरकटे डब्यात भरले, पच्चक्खाण घेतले आणि पाण्याच्या कडेने चालत राहिलो. सूर्य टेकला तेव्हा पत्नी सर्वांच्या पुढे उभी होती. लग्नाला चौतीस वर्षे झाली. समुद्रावर आम्ही अनेकदा गेलो होतो. “हा पहिलाच,” एवढेच ती म्हणाली. घरी परतल्यावर भांडी मी घासली.

वाचकहो, अशा घरात राहावयास अवश्य जा. पाणी गाळण्याचे जाड सुती फडके, आपली दोन पातेली आणि कोरडा शिधा बरोबर न्या. संध्याकाळी एकच साधा पदार्थ ठेवा. आणि निघण्यापूर्वीच कोणत्या वेळी चुलीपाशी कोण उभे राहणार, हे कागदावर मांडा. त्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा.