उद्यापन अजून बाकी आहे

चैत्र शुद्ध प्रतिपदा. आज घराघरांवर गुढ्या उभारल्या जातील. कळकाच्या काठीला रेशमी वस्त्र, कडुलिंबाची डहाळी, झेंडूचा हार आणि साखरेच्या गाठींची माळ बांधून वर तांब्या पालथा घातला जाईल. पंचांगाचे पूजन होऊन संवत्सरफल वाचले जाईल. आणि आजपासूनच रामाच्या नवरात्रास आरंभ होईल. अशा मंगल समयी अप्रिय आठवण काढू नये, असा शिष्टसंकेत आहे. तथापि कडुलिंबाची पाने चावून वर्षाचा आरंभ करणारा आपला समाज कडू घोटाला भीत नाही, या विश्वासाने आम्ही आज एक जुनाच विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शके १९४२ चा पाडवा, म्हणजे २५ मार्च २०२०, हा करोनाच्या साथीतील देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता. त्या संवत्सराचे नाव शार्वरी. शार्वरी म्हणजे रात्र. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला, तेव्हा दुसरी लाट भरात होती. राज्यातील देवालये आणि जीवनावश्यक वस्तूंखेरीज इतर दुकाने आधीच बंद झाली होती, आणि त्याच सायंकाळी अधिक कडक निर्बंध जाहीर झाले. ते संवत्सर प्लव, म्हणजे तराफा. त्यानंतर शुभकृत संवत्सराचा पाडवा २ एप्रिल २०२२ रोजी आला आणि त्याच्या मुहूर्तावर राज्यातील सर्व निर्बंध मागे घेण्यात आले. मधल्या काळात देवळांची दारे दोनदा उघडली: १६ नोव्हेंबर २०२० च्या बलिप्रतिपदेस आणि ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेस. त्याही प्रतिपदाच! जणू एक दीर्घ व्रत पाडव्याला घेतले गेले आणि पाडव्यालाच सुटले.

व्रत हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरीत आहोत. संख्येची मर्यादा ही धर्माला परकी गोष्ट नव्हे. ज्या रामाचे नवरात्र आज बसते, त्याला आपण मर्यादापुरुषोत्तम म्हणतो. आषाढी वारीचेच पाहा. लक्षावधी पावलांनी जाणारी ही वारी २०२० साली थांबली. मानाच्या पालख्यांतील पादुका ३० जून रोजी एसटीच्या गाड्यांतून, प्रत्येकीसोबत वीस जणांच्या बेताने, पंढरीस गेल्या आणि १ जुलैची एकादशी वारकऱ्यांनी घरी बसून केली. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती, त्यांनीही हा नियम पाळला. प्राणरक्षणासाठी घातलेली मर्यादा श्रद्धाळू समाज मानतो, याचे याहून मोठे प्रमाण कोणते हवे?

परंतु व्रताला जसा संकल्प असतो, तसे उद्यापनही असते. उद्यापनात नुसते पारणे फिटत नाही. ज्यांच्या साहाय्याने व्रत पार पडले, त्यांना पानावर बसवून तृप्त करावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की, त्या दोन वर्षांच्या व्रताचे पारणे आपण सर्वांनी केले, उद्यापन मात्र राहून गेले.

व्यवहार कसे उघडत गेले, ते आठवून पाहावे. ५ जून २०२० पासून दुकाने उघडू लागली ती रस्त्याच्या एका बाजूची एका दिवशी आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. दुकानात एका वेळी पाचांहून अधिक माणसे नकोत आणि दोघांत सहा फुटांचे अंतर हवे, असा दंडक होता. ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या आसनक्षमतेने सुरू झाली. देवालयांना त्यानंतर सहा आठवडे थांबावे लागले. ‘मद्यालये खुली आणि देवालये बंद’ हा आक्रोश तेव्हा घरोघरी ऐकू येई, आणि आम्हीही त्यात सूर मिसळला होता. आज मागे वळून पाहताना वाटते की, आमचा त्रागा खरा होता, पण नेम चुकला होता. देवाचे काही अडले नव्हते. गाभाऱ्यातली नित्यपूजा एक दिवसही खंडली नाही. अडले होते ते पायरीशी बसणाऱ्याचे.

निम्मी क्षमता हा शब्द कागदावर सर्वांना सारखाच दिसतो. चाळीस मेजांच्या उपाहारगृहाची वीस मेजे उरतात. दोन बाकांच्या चहावाल्याचे एकच बाक उरते. भाडे, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता मात्र कोणाचेही निम्मे होत नाहीत. मोठ्याला तोटा सोसण्यास काही आधार असतो. धाकट्याचा आधार म्हणजे रोजची विक्री. आणि ज्याला दुकानच नाही, त्याची क्षमता मोजायची कशी? टोपलीत झेंडू घेऊन बसणारी फूलवाली, बुक्का, अष्टगंध आणि तुळशीच्या माळा विकणारा, नारळवाला, चपला सांभाळणारी म्हातारी, ही माणसे कोणत्या वर्गात बसतात, याचा विचार नियमावलीच्या पानांत आम्हाला दिसला नाही. त्यांचा व्यवसायच मुळी गर्दीच्या बळावर उभा. दार उघडले तेव्हाही मूर्तीला स्पर्श नाही, तीर्थ-प्रसाद नाही आणि अनेक ठिकाणी हार-नारळही नाहीत, अशी अट होती. भक्ताला दर्शन मिळाले. फूलवालीची टोपली भरलेलीच राहिली.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जून २०२० मध्ये केंद्राने पथविक्रेत्यांसाठी दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना काढली. एप्रिल २०२१ मध्ये, त्याच पाडव्याच्या सायंकाळी, राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये देण्याचे जाहीर केले. परंतु कर्ज हे शेवटी कर्जच; आणि ‘नोंदणीकृत’ या एका शब्दाच्या उंबऱ्याबाहेर किती जण उभे राहिले असतील! सणापुरती माळ ओवून विकणाऱ्या बाईची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

याहून खेदाची गोष्ट अशी की, काही निर्बंध साथ सरल्यावरही सरले नाहीत. शिर्डीच्या साईमंदिरात साथीच्या काळात फुले, हार आणि प्रसाद नेण्यास बंदी झाली, ती निर्बंध उठल्यानंतरही चालूच राहिली. २०२२ मध्ये फूलउत्पादक शेतकरी आणि विक्रेते यांना त्यासाठी आंदोलन करावे लागले, आणि समाधीवर पुन्हा फुले वाहिली जाण्यास २०२४ चा डिसेंबर उजाडला. मंदिराच्या स्वच्छतेची आणि भाविकांच्या फसवणुकीची चिंता चुकीची होती, असे आम्ही म्हणत नाही. पण साथीसाठी घातलेला नियम साथीबरोबर संपावा, आणि पुढे दुसऱ्या कारणाने हवा असेल तर त्या कारणाचा स्वतंत्र विचार व्हावा. ज्याला उद्यापन नाही ते व्रत राहत नाही. ते जोखड होते.

साथी येतात आणि जातात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएन्झाने हाहाकार केला, आणि पुढे कधीतरी पुन्हा दारे मिटण्याचा प्रसंग येणारच नाही, असे कोणी सांगावे? तेव्हा पाळण्याचे तीन नेम आजच मनाशी बांधून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला, प्रत्येक निर्बंधाबरोबर त्याच्या फेरविचाराची तिथी जाहीर व्हावी. दुसरा, मर्यादा घालताना बंदिस्त जागा आणि उघडे आकाश यांत भेद करावा. मोकळ्या हवेत हा संसर्ग बंद खोलीपेक्षा कमी पसरतो, हे आता सर्वमान्य झाले आहे, मग उघड्यावर बसणाऱ्याला सर्वांत शेवटी मोकळीक का? तिसरा, देवस्थानांनी आपल्या पायरीशी बसणाऱ्यांची यादी स्वतः ठेवावी आणि दार मिटण्याची वेळ आली, तर दानपेटीतला पहिला वाटा त्यांचा मानावा. देवाच्या नावाने जमलेले द्रव्य देवाच्या दारी उपाशी बसलेल्याच्या मुखी जाणे, याहून श्रेष्ठ नैवेद्य कोणता?

हे झाले शासनाचे आणि विश्वस्तांचे. गृहस्थाश्रमी माणसाच्या हाती काय आहे? थोडेच, पण ते आजच करता येण्याजोगे आहे. टाळेबंदीच्या त्या पाडव्याला बाजार मिटला, फुले शेतातच कोमेजली आणि सणासाठी करून ठेवलेल्या साखरेच्या गाठी कित्येकांच्या घरी पडून राहिल्या. आज गुढीसाठी हार आणि गाठी घेण्यास बाहेर पडाल, तेव्हा कोपऱ्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईकडूनच त्या घ्याव्यात, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. तिने आपल्या सर्वांच्या वतीने जे व्रत केले, ते आपल्यापैकी कोणाच्याही उपासापेक्षा कडक होते.

गुढी हे विजयाचे चिन्ह आहे. साथीवरचा विजय रुग्णालयांत जसा मिळाला, तसा तो रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतणाऱ्यांच्या संयमानेही मिळाला. त्यांचा वाटा त्यांच्या पदरी पडेल, तेव्हाच ते उद्यापन पुरे झाले असे म्हणता येईल. नूतन संवत्सरात ती बुद्धी श्रीरामाने आपणा सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.