मिया, बारी, आफई

सुट्ट्या जवळ आल्या की चळवळीतल्या तरुण मित्रांचा एक प्रश्न हमखास येतो : खेड्यातल्या एखाद्या शाळेत काही दिवस स्वयंसेवक म्हणून जायचे आहे, कुठे जाऊ? अलीकडे त्यात परदेशाचीही भर पडली आहे. नेपाळमध्ये किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या देशात, फी भरून दोन आठवडे शिकवायला जाण्याची सोय करून देणाऱ्या संस्था आहेत आणि आयटीत नोकरी करणाऱ्यांना ती फी परवडते. इच्छा चांगलीच आहे. पण तिथे पोचल्यावर आपले पहिले काम कोणते, हे कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते, म्हणून आज थोडे स्वतःबद्दल लिहितो.

२०२५ च्या फेब्रुवारीत मी बिनपगारी दोन महिन्यांची रजा घेतली आणि मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिकवायला गेलो. नागपूरहून अमरावती, परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असे करत पोचायला अख्खा दिवस जातो. पासपोर्ट लागत नाही, विदर्भही सुटत नाही. तरीही पोचलो तेव्हा मी परदेशातच होतो. पहिलीतली मुले आपसात जे बोलत होती त्यातला एक शब्दही मला कळत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहीत होतो. पाठीमागून हळूच आवाज आला, ‘मिया.’ मग पुन्हा, ‘मिया.’ नागपुरात मुसलमान म्हणून वाढलेल्या माणसाला हा शब्द कोणकोणत्या सुरात ऐकावा लागतो, ते वाचकांना सांगायला नको. कॉलेजच्या वसतिगृहात, भाड्याचे घर शोधताना, क्रिकेटच्या मैदानावर तो ऐकलेला असतो. माझे डोके तापले. झर्रकन वळून मी ओरडलो, ‘कोण बोललं?’ वर्ग चिडीचूप झाला. समोरच्या एका लहान मुलीने हातातले चिंचोके घाबरून मुठीत लपवले आणि रडायला लागली.

खिचडी शिजवणाऱ्या ताई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, काहून रागावता? पोरगी मोजून रायली ना!’ कोरकू भाषेत एकाला मिया म्हणतात. मिया, बारी, आफई : एक, दोन, तीन. मी शिकवायला गेलेला माणूस, एक हा आकडाही मला ठाऊक नव्हता. आणि जे ठाऊक नव्हते त्याच्या जागी मी माझी जुनी जखम ठेवून दिली होती. त्या मुलीला मी मराठीत ‘चुकलं माझं’ म्हटले. तेही ताईंनाच तिच्या भाषेत सांगावे लागले.

दुसरा धडा माझ्या धंद्यातला होता. मी टॅबलेटवर अक्षरओळखीचे एक छोटे अॅप तयार करून नेले होते. मराठी आवाज, चार चित्रे, बरोबर चित्रावर बोट ठेवले की टाळ्या. पहिल्याच आठवड्यात मुले जवळजवळ सगळी उत्तरे बरोबर देऊ लागली. मी खूश होऊन मित्रांना तसे कळवलेही. मग एके रात्री सहज चित्रांचा क्रम बदलला आणि दुसऱ्या दिवशी सगळे कोसळले. मुलांनी अक्षर किंवा शब्द काहीच शिकले नव्हते, कोणत्या प्रश्नाला कोणत्या कोपऱ्यात बोट ठेवायचे एवढे पाठ केले होते. त्यात मुलांचा दोष नव्हता. ‘ज जहाजाचा’ हे ज्याला समुद्रही माहीत नाही आणि मराठीही येत नाही, त्याने दुसरे काय करायचे?

टॅबलेट पेटीत गेले आणि मी ताईंकडे कोरकू शिकायला बसलो. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. तिचे नाते झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारीशी आहे आणि त्या कुळातली ती सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून ती बोलणारे सात लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. तिला एकवचन आणि अनेकवचनाशिवाय द्विवचनही आहे. मक्तबात थोडे अरबी व्याकरण शिकलेल्याला द्विवचन नवे नाही. मराठीत नाही, उर्दूत नाही, पण कुरआनच्या अरबीत आहे आणि मेळघाटातल्या पहिलीच्या मुलाच्या तोंडी आहे. शिवाय मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे असतात तसे ते कोरकूतही वेगळे आहेत. माझ्या घरच्या उर्दूत दोन्हींना एकच ‘हम’. म्हणजे या बाबतीत ही मुले मराठीच्या माझ्यापेक्षा जवळ होती. जिला आपण बोली म्हणून बाजूला सारतो, तिचे व्याकरण असे भक्कम आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये रमजान होता आणि महिन्याच्या मध्याला होळी आली. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे त्यासाठी गावी परततात, मुले रस्त्यावर फगवा मागतात. त्या आठवड्यात शाळा भरणार नाही, हे माझ्या वेळापत्रकात नव्हते. आधी चिडचिड झाली. मग आठवले की ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेतही कुणी फिरकत नाही. सर दिवसभर पाणी का पीत नाहीत, याचे मुलांना कोडे पडले होते. ते उलगडल्यावर सूर्य मावळला की कुणीतरी भाजलेला हरभरा घेऊन दारात उभे राहू लागले. एका घरी रात्री जेवायला बोलावले. घरमालकाने जिवंत कोंबडी आणि सुरी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, ‘तुमच्या रीतीने तुम्हीच कापा.’ माझ्याबद्दल त्यांनी आधीच विचारून ठेवले होते. त्यांच्याबद्दल काही विचारून ठेवायचे मला सुचले नव्हते.

मोहाचेही तसेच. मोह म्हणजे दारू, एवढेच मला माहीत होते, म्हणून त्या विषयापासून मी लांब राहत होतो. पण मोहफुले पडायला लागली तशी मुले पहाटे आईबरोबर टोपल्या घेऊन जंगलात जाऊ लागली आणि शाळेत उशिरा येऊ लागली. ताईंनी समजावले, ही फुले वाळवून खाल्ली जातात, विकली जातात, बियांचे तेल निघते. मग आम्ही गणित तिथूनच सुरू केले. ओली फुले किती, वाळल्यावर किती उरतात, व्यापारी किलोला काय देतो, घरी किती पैसे यायला हवेत? आधी कोरकूत मोजायचे, मग मराठीत. अॅपसमोर मुकी बसणारी मुले भावावरून माझ्याशी वाद घालू लागली.

मला हा माझा शोध वाटला होता. परत आल्यावर कळले, तो नागपूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर कधीच लागला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. सात वर्षांचे सक्तीचे, मोफत शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि परिसरातल्या हाताच्या कामाशी जोडलेले, ही त्या नई तालीमची मांडणी. सेवाग्रामला ती उभी करायला सिलोनचे आर्यनायकम आले, आशादेवी आल्या. पुढे मार्जरी साइक्स आल्या. या इंग्लंडच्या, केंब्रिजला शिकलेल्या. १९२८ मध्ये त्या मद्रासच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या आणि तमिळ शिकल्या. नंतर शांतिनिकेतनात गेल्या, तिथे बंगाली इतके आत्मसात केले की टागोरांचे साहित्य इंग्रजीत आणले. मग सेवाग्रामला शिक्षक घडवण्याचे काम केले. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि नई तालीमचा इतिहासही लिहिला. परदेशातल्या खेड्यात शिकवायला जाणे म्हणजे काय, याचे हे उदाहरण आपल्या शेजारी असताना आपण ते माहितीपत्रकांत शोधतो.

आता आपल्याबद्दल. आपल्या मोहल्ल्यात बाहेरून माणसे येतात. कुणी कॅमेरा घेऊन, कुणी सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन, कुणी आपल्या बायकामुलींच्या उद्धाराचे भाषण घेऊन. दोन तासांत आपल्याला ओळखून परत जातात. याचा आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. पण दोन वर्षांपूर्वी आमचा गट दप्तरे वाटायला मेळघाटात एका दिवसासाठी गेला होता, तेव्हा आम्ही वेगळे काय केले? मुलांना रांगेत उभे केले, फोटो काढले, ‘खूब पढ़ो’ म्हटले आणि संध्याकाळी परतवाड्याला चहा प्यायलो.

उर्दू शाळांचा प्रश्न आला की आपण राज्यघटनेचे कलम ३५०-अ पुढे करतो. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेचाच आग्रह धरतो. उर्दू आठव्या अनुसूचीत आहे, कोरकूची बहीण संथालीही २००३ च्या घटनादुरुस्तीने तिथे आली. कोरकू तिथे नाही. पण ३५०-अ आठव्या अनुसूचीची अट घालत नाही. त्या मुलीचा हक्क आपल्या मुलांच्या हक्काइतकाच आहे. हे कलम आपण फक्त आपल्यापुरते वाचणार असू, तर ते नागरिक म्हणून वाचलेले नव्हे. सूरह हुजुरातमध्ये वेगवेगळे समूह आणि कबिले असण्याचे कारण एकमेकांची ओळख व्हावी असे दिले आहे. ओळख करून घ्यायची तर भाषेपासूनच सुरुवात होते.

म्हणून चळवळीपुढे काही सूचना ठेवतो. एक दिवसाच्या भेटी बंद कराव्यात. निदान महिनाभर राहू शकेल, आणि पुढच्या वर्षी त्याच गावी परत जाईल, अशालाच पाठवावे. जाण्याआधी तिथल्या भाषेतले शंभर शब्द आणि सणांचे, हंगामाचे वेळापत्रक शिकून घ्यावे. शाळेला काय हवे ते आधी शिक्षकांना विचारावे. मुलांचे फोटो काढू नयेत. आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंसारखी जी माणसे दोन्ही भाषांमध्ये उभी आहेत, त्यांना दुभाषी मानून कामाचा मोबदला द्यावा. मी दोन महिन्यांत जे शिकवले ते खरे तर त्यांनीच शिकवले. माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत होते, त्यांचे नव्हते.

दोन महिन्यांत मी त्या मुलांचे आयुष्य बदलून आलो, असा माझा दावा नाही. मला दहापर्यंत मोजता येऊ लागले, आणि ती मुलगी माझे उच्चार हसून दुरुस्त करायला लागली. पुढच्या तुकडीच्या अर्जात ‘तुम्ही काय शिकवू शकता?’ हा प्रश्न असेलच. त्याच्या आधी एक प्रश्न घालावा : तुम्ही कोणती भाषा शिकायला तयार आहात? ज्यांना तो रकाना भरता येईल, त्यांनी जरूर अर्ज करावा.