गोष्ट अटकेवर संपत नाही

भिंगारच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. अब्बांनी तरुणपणी रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या रहस्यकथा त्यात भरल्या आहेत. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले. घरात दखनी बोलली जायची. त्यांना मराठी वाचायला शिकवलं ते कुठल्या मास्तरांनी नाही, या पुस्तकांनी. मीही त्याच पेटीवर वाढलो आणि अमर विश्वासच्या नादानेच वकील झालो, असं म्हटलं तर फार खोटं ठरणार नाही.

आता सात वर्षं नगरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतोय. आणि रात्री एक रहस्य कादंबरी लिहितोय. घरी कळलं तेव्हा मामू म्हणाले, "वकील हुआ ना रे तू? फिर किस्से कायको लिखता?" प्रश्न रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. माझं म्हणणं एवढंच की आपल्यातल्या काही वकिलांनी मराठीत रहस्य कादंबऱ्या लिहिल्याच पाहिजेत. करमणुकीसाठी तर लिहाव्यातच, पण त्याहून मोठं एक कारण आहे.

परवा ती पेटी पुन्हा उघडली आणि एक गोष्ट खटकली. जवळपास प्रत्येक कथेचा शेवट सारखाच. गुन्हेगार पकडला जातो, दोन थपडा बसतात, तो घडाघडा कबूल होतो. कथा संपली. सिनेमात आणि वेब सिरीजमध्येही तेच. अंधारी खोली, उलटा टांगलेला माणूस, आणि "आता हा बोलणार" म्हणून आपण पुढे सरकून बसतो. त्या माणसाच्या तोंडी अनेकदा उर्दू असते आणि डोळ्यांत सुरमा. तरीही आपण टाळ्या वाजवतो.

कायदा काय सांगतो? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. कोठडीतल्या बोलण्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरता येतो. हा नियम इंग्रजांनी केला, कारण मारून काय वदवून घेता येतं हे त्यांनाही माहीत होतं. म्हणजे ज्या जागी आपली रहस्यकथा संपते, तिथे खटल्यात अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं. दोषारोपपत्र, पंच, सरतपासणी, उलटतपासणी, सगळं पुढेच असतं.

कथेचा हा शेवट आपल्या डोक्यात इतका मुरला आहे की बातमीही आपण तशीच वाचतो. 'अटक' हा शब्द दिसला की गुन्हा सिद्ध झाला. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचं नाव 'ताब्यात' या शब्दासोबत छापून आलं होतं. आठवड्यात त्याची ठरलेली सोयरीक मोडली. पुढे त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. ते मात्र कुठेच छापलं गेलं नाही. सोयरीक मोडणारे आपलेच लोक होते, हेही सांगायला हवं.

वकिली करून रहस्यकथा लिहिणारे जगात बरेच झाले. त्यांत मला सर्वात जवळचा वाटतो तो अर्ल स्टॅनली गार्डनर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात वकिली करायचा. तिथल्या गरीब चिनी स्थलांतरितांचे खटले त्याने घेतले. ज्यांच्याकडे बघताच पोलिसांना गुन्हेगार दिसायचा, असे ते अशील. १९३३ मध्ये त्याचा पेरी मेसन हा नायक आला आणि पुढे ऐंशीहून जास्त कादंबऱ्या निघाल्या. मेसनचं काम साधं: आरोपी दोषी आहे असं सगळे धरून चालले असताना उलटतपासणीत सरकारी कथेतली भोकं दाखवायची. पुढे १९४८ मध्ये याच गार्डनरने चुकीने शिक्षा झालेल्यांची प्रकरणं पुन्हा तपासणारा एक उपक्रम सुरू केला. जॉन ग्रिशमचंही तसंच. मिसिसिपीतल्या एका कोर्टात त्याने एका लहान मुलीची साक्ष ऐकली, त्यातून पहिली कादंबरी झाली. ती १९८९ मध्ये आली तेव्हा फारशी कुणी विचारली नाही. आपल्याकडे ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीही काही काळ वकिली केली होती.

मराठीत बॅरिस्टर नायक झाला, पण कोर्टाची खरी चव मला मिळाली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या सिनेमात. तारखा, कंटाळा, छापील साक्षी आणि त्यात अडकलेला एक म्हातारा लोकशाहीर. पुस्तकात तसं फारसं भेटलं नाही.

आणि विषयांची आपल्याकडे कमी आहे का? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी. तो खटला मकोकाखाली होता आणि मकोकाच्या कलम १८ खाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत असं सांगत बाराही जणांची शिक्षा रद्द केली. तोवर त्यांतला एकजण तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. याच खटल्यात २०१५ मध्येच निर्दोष सुटलेले शिक्षक वाहिद शेख यांनी 'बेगुनाह कैदी' लिहिलं. तुरुंगात असताना ते कायदा शिकले. ते पुस्तक कादंबरी नाही, पण त्यात पोलिसी कथा कशी रचली जाते त्याची उकल आहे. चांगल्या रहस्यकथेचं कामही तेच. आणि १८९ घरांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे: मग हे केलं कुणी? चुकीचा माणूस पकडला की खरा सुटतो. म्हणून निरपराधाची बाजू मांडणं म्हणजे बळींना विसरणं नव्हे.

इथे आपल्यालाही एक पथ्य पाळावं लागेल. आपल्या कादंबरीतला प्रत्येक मुसलमान निष्पाप आणि प्रत्येक हवालदार दुष्ट असेल, तर तो सुरमेवाल्या खलनायकाचाच उलटा छापा. नगर जिल्ह्याला दुसरी बाजूही माहीत आहे. खर्ड्याच्या दलित मुलाच्या खुनाच्या खटल्यात २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. तिथे सुटका हा न्याय वाटला नाही. पारधी समाजाचं तर विचारूच नका. १८७१ च्या कायद्याने त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पण चोरी झाली की गाडी आजही आधी पालाकडे वळते. संशयाचा हा शिक्का फक्त आपल्याच कपाळी आहे असं समजून लिहिलं, तर लिखाण खुजं राहील.

दुसरं पथ्य वकिलाचं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही. कायद्याने तर नाहीच (साक्ष अधिनियमाचं कलम १३२), अमानत म्हणूनही नाही. नाव बदललं म्हणजे काम झालं असं नाही. भिंगारसारख्या गावात नाव बदललं तरी गल्ली ओळखू येते. मी माझ्या वहीत एकच नियम लिहून ठेवला आहे: माणसं माझ्या खटल्यातली नकोत, कार्यपद्धती मात्र खरी हवी. प्रत्येक छाप्यावर हजर असणारा तोच तो सराईत पंच, पंचनाम्यावरची वेळ, मुद्देमालाचं सील, पुकारा झाल्यावर हातातला चहा टाकून धावणारी आई. हे कुणा एकाचं गुपित नाही. रोज उघड्या कोर्टात घडतं.

मग मराठीतच का? १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण मराठीत पुष्कळ लिहिलं: कविता, आत्मकथनं, वैचारिक लेख. पण ते बहुतेक आपण आणि आपले मित्रच वाचतात. रहस्यकथा एसटीत वाचली जाते, नाइट ड्युटीवर वाचली जाते. ठाणे अंमलदार वाचतो, कोर्टातला कारकून वाचतो, बारावीतली मुलगी वाचते. अटक करताना कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, हे आम्ही शिबिरात सांगतो तेव्हा निम्मी खोली मोबाइलमध्ये असते. तेच एखाद्या प्रकरणात, तेविसावा तास संपत आलेला असताना वाचलं, तर जन्मभर विसरणार नाही.

आमच्या भिंगारशेजारच्या किल्ल्यात १९४२ ते ४५ या काळात मौलाना आझादांनी पत्रं लिहिली. ती टपालात जाणार नाहीत हे माहीत असूनही. बॅरिस्टर असलेल्या नेहरूंनी तिथेच भारताचा इतिहास लिहिला. त्यांच्या लिखाणाशी माझ्या वहीची तुलना नाही. पण मामूंना उत्तर देताना मी त्या बुरुजांकडे बोट दाखवतो. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाने लिहायचं असतं, ही आमच्या गावची जुनी रीत आहे.

तुमच्यापैकी कुणी कायदा शिकत असेल, कुणाला नुसतंच लिहायचं असेल. एक काम करा. एक दिवस जवळच्या सत्र न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. खटले सामान्यतः खुल्या न्यायालयात चालतात. मोबाइल बंद ठेवा आणि एक उलटतपासणी पूर्ण ऐका. घरी येऊन ती रहस्यकथेसारखी लिहा.

माझ्या कादंबरीत अटक तिसऱ्या प्रकरणात होते. पुढची एकोणीस प्रकरणं अजून लिहायची आहेत.