चावडीवरचं बोलणं आणि मोबाईलवरचं लिहिणं

शेतकरी बंधूंनो, चावडीवरचं बोलणं पूर्वी वाऱ्यावर जायचं. आता तेच मोबाईलवर लिहिलं, की तासाभरात पंचक्रोशीत पोचतं आणि पुरावा म्हणून मागे राहतं. परवा एका गावच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहिलं, ''ठिबकचं अनुदान अमक्यानं खाल्लं.'' चौकशी केली तर अनुदान कुठं गेलंच नव्हतं. बँक खातं आधारला न जोडल्यानं ते अडकलं होतं. पण तोवर तो कर्मचारी पोलीस ठाण्याच्या वाटेला लागला होता. दोघांची समजूत घालण्यात माझा अर्धा दिवस गेला.

दोघांनीही कायदा समजून घ्यायला हवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामी हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकतो तो वेगळाच. कागदावर लिहा नाहीतर मोबाईलवर, कायदा एकच.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला, बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका तरुणीला आणि तिच्या मजकुराला पसंती दिली म्हणून दुसरीला अटक झाली. देशभर ओरड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. नुसतं कुणाला झोंबलं म्हणून बोलणाऱ्याला तुरुंग दाखवता येत नाही, हा त्याचा अर्थ. मात्र याच न्यायालयानं 2016 मध्ये फौजदारी बदनामीचा कायदा कायम ठेवला. म्हणजे बोलण्याची मोकळीक आहे, दुसऱ्याची अब्रू मातीत घालण्याची नाही.

सरपंच आणि कर्मचारी मित्रांनो, लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेनं केलेली टीका बदनामी ठरत नाही, असं हेच कलम सांगतं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस परस्पर उचलून नेऊ शकत नाहीत. गटप्रमुखालाही धमकावू नका. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला, संगनमत नसेल तर, गटप्रमुख जबाबदार नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं आहे. त्यापेक्षा लाभार्थ्यांची यादी फलकावर लावा, निम्मी कुजबुज तिथंच मिटेल.

आणि शेतकरी बंधूंनो, ''चोर'' लिहिण्याआधी माहितीच्या अधिकारात कागद मागवा. ''माझं अनुदान का थांबलं?'' असं खुशाल विचारा, गटावर विचारा, ग्रामसभेतही विचारा. प्रश्न विचारणं हा तुमचा हक्कच आहे. खरं आणि लोकहिताचं असेल ते कायदा बोलू देतो. पण खरं ठरवायला हातात कागद लागतो.

बियाणं पेरण्याआधी उगवण तपासता ना? तसंच शब्दाचंही आहे. आधी तपासा, मग पाठवा.