वित्तशास्त्रातील स्त्रिया आणि न विचारलेले प्रश्न

पैसा कोठून येतो, कोणाच्या हाती जातो आणि जोखीम अखेर कोणाच्या माथी बसते, याचा शोध घेणे हे वित्तशास्त्राचे काम. या शास्त्राच्या अध्यापनात आणि विशेषतः संशोधनात स्त्रियांची संख्या अल्प आहे, ही गोष्ट आता जगभर मान्य झाली आहे. तथापि तिच्याकडे स्त्रियांचे एक गाऱ्हाणे म्हणूनच पाहिले जाते. आमच्या मते ही त्या शास्त्राचीच उणीव आहे. कारण संशोधन कोण करतो, यावर प्रश्न कोणते विचारले जाणार हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

मावळ तालुक्याचेच उदाहरण घ्या. १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. माणशी वर्षाला एक पैसा, अशा वर्गणीतून उद्योगाचे भांडवल उभारण्याचा तो प्रयोग होता. त्याच मावळातील भातखाचरे पुढे औद्योगिक वसाहतींसाठी, २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आणि लोणावळ्याच्या परिसरातील बंगल्यांसाठी गेली. जमिनीचा पैसा आला. पण तो कोणाच्या नावावर जमा झाला? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. तरीही हक्कसोडपत्रावर सही करून किती बहिणी रिकाम्या हाताने सासरी परतल्या? बचत गटाचे कर्ज बाई कशासाठी काढते आणि कोणत्या मजुरीतून फेडते?

हे सारे वित्ताचेच प्रश्न आहेत. परंतु शेअर बाजाराचे आकडे आयते मिळतात, हक्कसोडपत्रामागची कहाणी मिळत नाही. ती गावोगाव हिंडून, घराघरांत बसून मिळवावी लागते. आणि तेथे स्त्री संशोधकाजवळ जे बोलले जाईल, ते पुरुषाजवळ बोलले जाईलच असे नाही.

या दृष्टीने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील परंपरा लक्षात घेण्याजोगी आहे. डॉ. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली रोजगार हमी योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो ती स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी आहे या अंगाने. डॉ. सुलभा ब्रह्मे यांनी दुष्काळाचा अभ्यास केला आणि संशोधन चळवळीपर्यंत नेले. पण त्यांच्यामागे एक नामांकित संस्था उभी होती. तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेमागे कोण उभे आहे? तिला सुट्टीतले वेतन नाही, संशोधनाला अनुदान नाही, मसुदा वाचून दाखवावा असे वडीलधारे कोणी नाही. लोकल गाठून घरी पोचले की स्वयंपाक आहेच. तिच्या ठायी गुणवत्ता असते. वेळ आणि सोबत नसते.

ही सोबत उभी करता येते. अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने व्यवसायातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी १९७१ सालीच समिती नेमली. २००४ पासून तरुण प्राध्यापिकांना ज्येष्ठांचे मार्गदर्शन देणारी शिबिरे तिने सुरू केली. त्यांत प्रवेश चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दिला गेला. २०१० साली तुलनेचे निष्कर्ष आले, तेव्हा प्रवेश मिळालेल्यांचे प्रसिद्ध लेखन आणि अनुदाने, दोन्ही प्रवेश न मिळालेल्यांहून अधिक भरली. आपल्याकडेही नीरा देसाई यांनी १९७४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले, आणि त्याच विद्यापीठात १९८१ साली भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय परिषदेतून अखिल भारतीय संघटना जन्मली. वित्तशास्त्रात मात्र असे काही भक्कमपणे उभे राहिलेले दिसत नाही.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, वित्तशास्त्र हे भांडवलदारांचे शास्त्र. त्यात स्त्रिया किती, याची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? हा युक्तिवाद आत्मघातकी आहे. भूमिहीन झालेल्या कुटुंबाच्या पैशाचा हिशेब आपण मांडला नाही, तर तो सावकार, दलाल आणि वित्त कंपन्या आपापल्या सोयीने मांडतील.

म्हणून मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी मिळून दरवर्षी लोणावळ्यात वित्तशास्त्रातील स्त्री संशोधकांचे तीन दिवसांचे निवासी शिबिर भरवावे. दोन्ही शहरांतून आगगाडीने ते सोयीचे आहे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापिकांना प्रवेशात प्राधान्य, प्रवासखर्च आणि बुडालेल्या तासिकांचे मानधन मिळावे. लहान मुलांसाठी पाळणाघर असावे. निबंध मराठीतही स्वीकारले जावेत. सहकारी बँकांनी खर्चाचा काही वाटा उचलावा. पहिल्या वर्षीचा विषयही शोधावा लागणार नाही. मावळात जमिनीचा पैसा कोणाच्या हाती गेला, एवढाच प्रश्न घेऊन कामाला लागावे.